स्ट्रॅट हवी आहे, हातात चाळीस हजार आहेत

सांगलीजवळच्या एका गावातून ३६ वर्षांच्या वाचकाचं पत्र आलं आहे. सहकारी बँकेत नोकरी. घरी बायको, दुसरीतली मुलगी आणि आईवडील. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मित्राची गिटार मागून वाजवायचे, तेव्हापासून फेंडर या अमेरिकन कंपनीची स्ट्रॅटोकॅस्टर, म्हणजे ‘स्ट्रॅट’ ही इलेक्ट्रिक गिटार, घ्यायचं मनात आहे. ‘डायर स्ट्रेट्स’ बँडच्या मार्क नॉफ्लरच्या वाजवण्याचं वेड आहे, आणि रविवारी मित्रांबरोबर बसून जुनी हिंदी गाणीही वाजवतात, तीसुद्धा मागून आणलेल्या गिटारीवर. तीन वर्षं दरमहा थोडे थोडे बाजूला टाकून ४० हजार साठले आहेत. अमेरिकेत बनलेली स्ट्रॅट मात्र दीड लाखाच्या पुढे जाते. दुकानदार म्हणतो, हप्त्यांवर न्या. रविवारच्या मित्रांपैकी एक, फेंडरच्याच स्वस्तातल्या ‘स्क्वायर’ गिटारींबद्दल, म्हणतो, ‘स्क्वायर म्हणजे फेंडरची डुप्लिकेट. घ्यायची तर एकदाच घे आणि खरी घे.’ त्यातच ओळखीतून कुणीतरी वापरलेली ‘अमेरिकन फेंडर’ २२ हजारांत देऊ करतोय. वाचक विचारतात: हप्ते काढू, ही जुनी उचलू, अजून चार-पाच वर्षं थांबू, की स्वस्तातली घेऊन समाधान मानू?

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या दोन शब्दांपाशी थांबले. ‘समाधान मानू.’ पत्रात सगळा हिशेब नीट मांडलाय तुम्ही, पण स्वस्त गिटार म्हणजे मन मारणं, हे त्यात आधीच ठरवून टाकलंय. माझं सगळं उत्तर त्या दोन शब्दांना आहे.

त्याआधी २२ हजारांच्या गिटारीचं बोलून घेऊ, कारण तिथे तुमचे पैसे बुडू शकतात. अमेरिकेत बनलेली, चालू अवस्थेतली स्ट्रॅट या भावात कुणी सहज विकत नाही. साध्या गिटारीच्या डोक्यावरचं नाव खरवडून तिथे ‘फेंडर’चं स्टिकर लावणं फार अवघड नसतं, आणि तशा गिटारी फिरत असतात. विकणाऱ्याला सांगा, चार स्क्रू काढून मान वेगळी करा आणि मानेच्या बुडाचा व पोटातल्या खाचेचा फोटो पाठवा. सिरीयल नंबरही द्या. खरा माल असेल तर त्याला यात अडचण नसावी. टाळाटाळ झाली तर विषय संपवा. ओळखीतला माणूस आहे म्हणून भीड बाळगू नका; बहुतेक वेळा त्या बिचाऱ्यालाही कुणीतरी फसवलेलं असतं.

आता ‘खरी’ गिटार. तुमच्या मित्राचा हा शब्द तुम्हाला इतका टोचला, कारण तो तुमच्याही मनात होता. तेव्हा तो जरा तपासून बघू.

स्ट्रॅटोकॅस्टर १९५४ साली आली. ती ज्याने बाजारात आणली तो लिओ फेंडर कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्त करायचा आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याची बुद्धी दुरुस्तीवाल्याची. स्ट्रॅटची मान अंगाला सरसाने चिकटवलेली नाही, चार स्क्रूंनी आवळलेली आहे. पिकअप (तारांची थरथर टिपणारे चुंबक), स्विच, वायरी सगळं पुढच्या प्लास्टिकच्या पत्र्याला टांगलेलं. पत्रा सोडवला की सगळं हातात येतं. एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलायचा. एकाच कारागिराच्या हाताची जादू लागावी अशी ही वस्तूच नाही. नगावर नग निघावेत आणि प्रत्येक नग नीट वाजावा, असाच तिचा आराखडा आहे. म्हणूनच चांगल्या कारखान्यात, चांगल्या यंत्रांवर ती कुठेही चांगली बनू शकते, आणि बनते.

अमेरिकेचा शिक्का म्हणजे खात्री, असंही इतिहास सांगत नाही. जानेवारी १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली. पुढे सत्तरच्या दशकात त्याच अमेरिकन कारखान्यातून निघालेल्या गिटारींबद्दल वाजवणाऱ्यांच्या तक्रारी वाढत गेल्या: वजनाला जड, मान खाचेत सैल. त्याच सुमारास जपानी कारखाने स्ट्रॅटच्या इतक्या चांगल्या नकला काढायला लागले की फेंडरला त्यांच्याशी भांडण्यापेक्षा जपानमध्येच गिटारी बनवणं परवडलं. १९८२ मध्ये त्या कामासाठी त्यांनी एक जुनं नाव बाहेर काढलं: स्क्वायर. ही मुळात तारा बनवणारी अमेरिकन कंपनी, फेंडरने ती १९६५ मध्येच घेऊन ठेवली होती. त्या पहिल्या जपानी स्क्वायर गिटारी आज संग्राहक शोधत फिरतात.

तेव्हा मित्राला सांगा, डुप्लिकेट म्हणजे जी आपलं नाव खोटं सांगते ती. स्क्वायर आपलं नाव स्वतःच्या कपाळावर लिहून येते. आराखडा फेंडरचा, मालकी फेंडरची, कारखाना इंडोनेशियात किंवा चीनमध्ये, आणि किंमत त्यानुसार. यात लपवाछपवी कुठे आहे?

लाकडाची एक गोष्ट सांगते, मला ती कळली तेव्हा फार आवडली होती. महागड्या स्ट्रॅटच्या मानेवर, जिथे बोटं टेकतात त्या पट्टीसाठी बऱ्याचदा ‘इंडियन रोझवूड’ वापरतात. म्हणजे आपला शिसव. स्क्वायरच्या बऱ्याच गिटारींवर त्याच जागी ‘इंडियन लॉरेल’ असतं. म्हणजे आपला ऐन. सह्याद्रीत उन्हाळ्यात रस्त्याकडेला मगरीच्या पाठीसारखी साल घेऊन उभा असतो, तोच. शिसव अधिक घट्ट, तेलकट आणि देखणा, हे खरं. पण ऐनाच्या लाकडावर आपल्याकडे घरं उभी राहिली आहेत. तुमची बोटं त्यावर चालणार नाहीत असं काही नाही.

आता तुम्हाला हवा असलेला आवाज. नॉफ्लरचा तो काचेसारखा स्वच्छ, किंचित नाकातून आल्यासारखा स्वर स्ट्रॅटमध्ये कुठून येतो? स्ट्रॅटला तीन पिकअप. प्रत्येकात चुंबकांभोवती केसासारख्या बारीक तारेचे साधारण आठ हजार वेढे. सुरुवातीला स्विचला तीनच जागा होत्या: एका वेळी एक पिकअप. वाजवणाऱ्यांच्या लक्षात आलं, की स्विच दोन जागांच्या मध्ये अलगद अडकवून ठेवला तर दोन पिकअप एकदम बोलतात आणि वेगळाच स्वर निघतो. लोक वर्षानुवर्षं तसाच अडकवून वाजवत राहिले. कंपनीने पाच जागांचा स्विच बसवला तो १९७७ मध्ये. तुमचा आवडता आवाज हा असा वाजवणाऱ्यांनी शोधलेला आहे, आणि तीन पिकअप व पाच जागांचा स्विच असलेल्या पंचवीस हजारांच्या गिटारीतही तो आहे. सारखा आहे का? अगदी तस्साच नाही. पण तो गिटारीइतकाच अ‍ॅम्पमधून, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीतून, येतो, आणि अ‍ॅम्पइतकाच उजव्या हाताच्या बोटांतून. नॉफ्लर पिक (तारा छेडायची पत्ती) न घेता बोटांनी वाजवतो. ते दीड लाख देऊनही सोबत मिळत नाही.

तुमच्या पत्रात अ‍ॅम्पचा उल्लेखच नाही. हप्त्यांवर दीड लाखाची गिटार आणलीत तर ती लावणार कशाला? गाण्याच्या स्पीकरला जोडली तर ती पत्र्यासारखी वाजेल आणि तुम्हाला वाटेल, इतके पैसे घालूनही आवाज नाही.

फरक काहीच नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. अमेरिकन गिटारीच्या फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं सुबक घासलेली असतात, हात मानेवरून फिरवला की कुठे लागत नाहीत. खुंट्या सूर धरून ठेवतात. पिकअप अधिक बोलके असतात. आणि विकायला काढली तर चांगले पैसे परत येतात. रोजीरोटी गिटारीवर असती, महिन्याला दहा कार्यक्रम असते, तर मीच म्हटलं असतं, काढा कर्ज. तुमचं तसं नाही. तुमची मुलगी सात वर्षांची आहे आणि ती गिटारीला हात लावणारच. हप्ते चालू असलेली गिटार घरात असली की तुम्ही ‘हात लावू नकोस’ म्हणाल, दुसऱ्यांदा ओरडाल, आणि मग ती पेटीत बंद होईल. कपाटातली गिटार कुणालाच येत नाही.

थांबायचं म्हणता, त्यावर एक खरी गोष्ट. पन्नासच्या दशकात ब्रिटनमध्ये अमेरिकन मालाच्या आयातीवर निर्बंध होते, स्ट्रॅट मिळणं जवळजवळ अशक्य. १९५९ मध्ये लिव्हरपूलच्या सोळा वर्षांच्या जॉर्ज हॅरिसनला स्ट्रॅटच हवी होती. त्याने घेतली फ्युचरामा नावाची, चेकोस्लोव्हाकियात बनलेली, दुरून स्ट्रॅटसारखी दिसणारी गिटार. वाजवायला ती कठीण होती, हे त्याने नंतर स्वतःच सांगितलं. पण तीच घेऊन तो तयार झाला. खरी स्ट्रॅट त्याच्या हाती आली १९६५ मध्ये, तोवर बीटल्स जगभर पोचले होते. तुम्ही ४१ व्या वर्षापर्यंत थांबलात तर ती पाच वर्षं बोटांना मिळणार नाहीत. आणि आज पंचवीस हजारांत जी गिटार येते ती त्या फ्युचरामापेक्षा कितीतरी सरळ असते, कारण मान आणि खाचा आता संगणकावर चालणारी यंत्रं कापतात.

आता जे सांगणार आहे ते माझ्या अंगावरून गेलेलं आहे. नव्वदच्या दशकात मी पहिली इलेक्ट्रिक गिटार घेतली, जुनी, स्वस्तातली. पहिल्या फ्रेटवर एफ कॉर्ड धरायला जायचे आणि बोटांच्या टोकांना वळ उठायचे. धरला तरी स्वर चढा लागायचा. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, ‘सराव कमी पडतोय.’ मी ते मानलं. बोटं लहान आहेत, आपलं काम नाही, म्हणत गिटार माळ्यावर गेली आणि चार वर्षं तिथेच राहिली. मग एका दुरुस्तीवाल्या काकांनी ती मांडीवर घेतली, मानेच्या वरच्या टोकाला असलेल्या नटकडे डोळा बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, ‘अगं, तारा आभाळात आहेत.’ बारीक कानशीने त्यांनी नटच्या सहाही खाचा थोड्या थोड्या खोल केल्या, मधेमधे तार बसवून बघत. वीसेक मिनिटं लागली असतील. परत दिली तेव्हा एफ नुसता टेकवला तरी वाजला. मी तिथेच स्टुलावर बसून रडले. चार वर्षं मी माझ्या बोटांना दोष देत होते.

तुम्ही मिरजेच्या शेजारी राहता, तुम्हाला हे जास्त समजावून सांगायला नको. तंबोरा कितीही भारी भोपळ्याचा असो, जवारी लागलेली नसेल तर तो बोलत नाही. गिटारीचा सेटअप म्हणजे तिची जवारीच समजा. नवी गिटार दुकानातून येते तेव्हा बऱ्याचदा ती लावलेली नसते, महाग असो की स्वस्त. हजार-दोन हजार त्यासाठी बाजूला ठेवाच. उत्तम लावलेली पंचवीस हजारांची गिटार न लावलेल्या लाखाच्या गिटारीपेक्षा हाताला गोड लागते.

तर ४० हजार असे लावा. पंचवीस ते अठ्ठावीस गिटारीला. आठ-दहा एखाद्या छोट्या मॉडेलिंग (वेगवेगळ्या अ‍ॅम्पचे आवाज काढणाऱ्या) अ‍ॅम्पला, ज्यात हेडफोन लावता येतो. रात्री मुलगी झोपल्यावरच तुम्हाला वेळ मिळणार आहे. उरलेल्यात सेटअप, केबल, पट्टा, पिशवी आणि नऊ नंबरच्या (पातळ) तारांचे दोन सेट. भाव दुकानागणिक बदलतात, पण ही वाटणी मोडू नका. विशेषतः अ‍ॅम्पचे पैसे गिटारीत घालू नका.

गिटार कोणती? माझं मन यामाहाच्या पॅसिफिका ११२ कडे जातं. १९९० पासून ही मालिका चालू आहे आणि या किमतीत इतकी सातत्याने नीट बनलेली गिटार मी दुसरी पाहिलेली नाही. अंग आल्डर लाकडाचं, स्ट्रॅटला पन्नासच्या दशकापासून वापरतात तेच. दोन पिकअप स्ट्रॅटसारखे एकेरी आणि ब्रिजजवळचा (तारा जिथे गिटारीच्या अंगावर टेकतात तिथला) जाड, दुहेरी. नॉफ्लरच्या जवळपासच्या स्वरासाठी मानेजवळचा आणि मधला पिकअप एकत्र लावा. हिंदी गाण्यांच्या वेळी थोडा भरदार आवाज हवा असेल तर तो जाड पिकअप कामी येईल. दिसायला मात्र ती स्ट्रॅट नाही, स्ट्रॅटची चुलत बहीण आहे. तुम्हाला तीच आकृती, तोच डोक्याचा वळसा हवा असेल तर तेही मनापासून हवं असणंच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मग स्क्वायरची अ‍ॅफिनिटी बघा; अंग किंचित पातळ असतं, पिकअप साधे असतात, पण ते पुढे बदलता येतात. त्याच्या वरची क्लासिक व्हाइब फार देखणी आणि खूपच चांगली वाजते, पण ती घेतली तर तुमचे सगळे पैसे तिथेच संपतात. ती घ्यायचीच असेल तर अ‍ॅम्पसाठी अजून काही महिने थांबा आणि तोवर गिटारीत खोचायच्या हेडफोन अ‍ॅम्पवर भागवा.

अमेरिकन आणि स्क्वायर यांच्या मधली एक पायरी दुकानदाराने तुम्हाला सांगितलेली दिसत नाही. मेक्सिकोतल्या एन्सेनाडा इथे फेंडरचाच कारखाना १९८७ पासून आहे आणि तिथल्या गिटारीच्या डोक्यावर फेंडरच लिहिलेलं असतं. किंमत अमेरिकन गिटारीच्या निम्म्याच्या आसपास. आत्ता ती तुमच्या हिशेबात बसत नाही. पण तीन वर्षं रोज वाजवून मग वापरलेली, तपासून घेतलेली मेक्सिकन स्ट्रॅट घ्यायची ठरवलीत, तर तोवर तुमचे कान तिला पारखायला तयार झालेले असतील.

ज्यांना गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारीची ओढ आहे त्यांनाही हेच लागू: गिब्सनने १९५७ मध्ये एपिफोन ही कंपनी घेतली आणि आज तिच्या नावाने परवडणाऱ्या लेस पॉल निघतात. त्यांची तारेची लांबी स्ट्रॅटपेक्षा पाऊण इंचाने कमी असते, त्यामुळे लहान हातांना त्या सोप्या जातात. फक्त खांद्याला वजन जाणवतं. आणि कोकण-गोव्यातल्या वाचकांनो, वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा; पावसाळ्यात पंधरा दिवसांत गंज चढतो.

एक घरगुती गोष्ट राहिली. एकेरी पिकअप विजेची गुणगुण पकडतात, थोडी तर पकडणारच. पण गुणगुण फारच येत असेल, तर गिटारीला दोष देण्याआधी घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या वायरिंगमध्ये तीन पिनांचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या पिनेला मागे काहीच जोडलेलं नसतं. हा आवाजाचाच नाही, जिवाचाही प्रश्न आहे. धातूच्या तारा तुमच्या हातात असणार आहेत.

आता दुकानात जायचं. ऑनलाइन मागवू नका. कोल्हापूर, पुणे, जमलं तर मुंबईत धोबी तलावकडची जुनी दुकानं. खिशात एक व्हिजिटिंग कार्ड न्या. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी बघा. तार आणि फ्रेट यांच्यात कार्ड जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटर. बाराव्या फ्रेटवरचा हलका स्पर्शस्वर आणि तिथेच दाबून काढलेला स्वर ट्यूनरवर एक यायला हवा. तळहात मानेच्या दोन्ही कडांवरून सावकाश खालीवर फिरवा. कुठे खरखर लागली तर दुसरा नग मागा. त्याच मॉडेलच्या दोन गिटारींतही फरक असतो.

आणि बायकोला बरोबर न्या. तुम्ही दुकानात भिंतीकडे तोंड करून बसा, आणि तिने एकेक गिटार तुमच्या मांडीवर द्यायची, गिटारीच्या डोक्यावर रुमाल बांधून, म्हणजे नाव दिसणार नाही. किंमतही सांगायची नाही. शक्य असेल तर दुकानदाराला विनंती करून एक अमेरिकन स्ट्रॅटसुद्धा त्यात घ्या. प्रत्येकीवर तेच एक गाणं वाजवा, रविवारी जे सगळ्यात जास्त वाजवता ते. कोणती खाली ठेववत नाही ते तिला सांगा, मग रुमाल सोडा. कोणती आणलीत ते मला जरूर कळवा.